मांडीचा भाव

विचुंब्यात राहणाऱ्या नोकरदार जोडप्याला दोन भाव तोंडपाठ असतात. एक चौरस फुटाचा आणि दुसरा पनवेल स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षाचा. तिसरा भाव घरात बाळ आल्यावर कळतो, तोही आईची रजा संपत आली की. मग एका रात्री बाळ झोपलं असेल तर टेबलाशी बसून, आणि झोपलं नसेल तर त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत हिशेब मांडला जातो : पाळणाघर परवडेल की घरी येऊन सांभाळणारी बाई? कागदाच्या मधोमध रेघ मारली जाते. डावीकडे पाळणाघराची फी, डिपॉझिट, डायपर, दुधाचा डबा. उजवीकडे बाईचा पगार, चहा-जेवण, दिवाळीचा बोनस, साडी. खाली बेरीज होते, डावी बाजू साधारण निम्म्यावर येते आणि प्रश्न सुटला अशा समजुतीने दोघं झोपायला जातात. माझ्या मते हा हिशेब चुकलेला असतो, पण चूक बेरजेत सापडत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना विकत घ्यायची वस्तू एकच आहे आणि ती किती मिळणार हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ती वस्तू म्हणजे मांडी. सहा महिन्यांच्या जिवाला कुणाची तरी रिकामी मांडी हवी असते. भिंतीवरचा जिराफ, प्लॅस्टिकची घसरगुंडी, ‘आमच्याकडे इंग्लिश ऱ्हाइम्स घेतल्या जातात’ ही पाटी, हे सगळं आईबापांच्या वयोगटासाठी असतं.

मांडीचं गणित अगदी साधं आहे : एका बाईला मांडी एक. पनवेल स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही विचुंबेकराला हे गणित रोज सोडवावं लागतं. स्पेशल रिक्षा केली तर मागची सगळी सीट आपली. शेअरने गेलं तर मागे तिघं, आणि रिक्षावाल्याच्या शेजारी चौथा, ज्याचा अर्धा देह रिक्षात आणि अर्धा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हद्दीत असतो. बाई म्हणजे स्पेशल, पाळणाघर म्हणजे शेअर. शेअरचं भाडं कमी का, हे त्यात बसणाऱ्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. ते त्याच्या गुडघ्यांना समजलेलं असतं. हाच माणूस पाळणाघराच्या दारात उभा राहून विचारतो, ‘‘मॅडम, पलीकडे सहा हजारांत घेतात, तुमच्याकडे नऊ का?’’ खरं उत्तर असं असतं की पलीकडे चौथी सीट भरतात. पण मॅडम ते सांगत नाहीत. त्या म्हणतात, आमच्याकडे आरओचं पाणी आहे.

पलीकडच्या पाळणाघराचं पोट कसं भरतं ते एकदा त्यांच्या बाजूने मांडून बघू. आकडे कामचलाऊ आहेत, ज्याने त्याने आपापल्या गल्लीप्रमाणे बदलून घ्यावेत. तळमजल्यावरच्या वन बीएचकेचं भाडं समजा बारा हजार. दोन मावश्या, प्रत्येकी पंधरा हजार. वीज, गॅस, खिचडी, फिनेल, आणि दर महिन्याला हरवणाऱ्या बाटल्यांची बुचं मिळून पाच हजार. दिवसभर तिथेच असणाऱ्या मालकीणबाईंना निदान मावशीइतके तरी सुटावेत, म्हणजे आणखी पंधरा. झाले बासष्ट हजार. फी नऊ हजार असेल तर सात मुलं पुरतात. सहा हजार असेल तर दहा मुलांनीही दोन हजार कमीच पडतात, अकरावं घ्यावं लागतं. मांड्या दोन्हीकडे तीनच, आणि त्यातली मालकीणबाईंची मांडी दिवसाचा बराचसा वेळ ‘‘हो हो, जेवला, झोपला, शी पण झाली’’ असं फोनवर सांगण्यात गुंतलेली. म्हणजे नऊ हजारांत एका मांडीवर सव्वादोन-अडीच मुलं आणि सहा हजारांत साडेतीन-पावणेचार. स्वस्त पाळणाघर असा काही चमत्कार नसतो, भरलेली मांडी असते. म्हणून पाळणाघर बघायला गेलेल्यांनी एसी आहे का, खेळणी कोणत्या ब्रँडची, हे विचारण्यात वेळ घालवू नये. मुलं मोजावीत, बायका मोजाव्यात आणि भागाकार करावा. हा भागाकार कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. रिक्षाला परमिट लागतं, चालवणाऱ्याला बॅज लागतो. घरगुती पाळणाघराला बहुतेक ठिकाणी एक पाटी पुरते, आणि तिच्यावर मिकी माउस असतो.

आता उजवी बाजू. बाईचा पगार समजा अठरा हजार. ऐकून नवऱ्याच्या तोंडून ‘बापरे’ निघतं. तो मनातल्या मनात आपला सुरुवातीचा पगार आठवतो, कारण मराठी माणूस कोणत्याही पगाराची तुलना आपल्या पहिल्या पगाराशीच करतो. पण हे अठरा हजार किती तासांचे? इथे विचुंब्याचा भूगोल हिशेबात शिरतो. पनवेलहून सीएसएमटीला लोकल एक तास वीस मिनिटं घेते. दोन्ही वेळचे मिळून दोन तास चाळीस मिनिटं. रिक्षा, जिना, चुकलेली गाडी आणि स्टेशन ते ऑफिस मिळून आणखी एक तास धरा. ऑफिस नऊ तास. म्हणजे घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत साडेबारा तासांच्या वर. बाईने बारा तास सांभाळलं आणि महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर तीनशे बारा तास होतात. तासाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत. मॉलमध्ये गाडी उभी करायचा दरही याच घरात कुठेतरी असतो. गाडीला मात्र दर दोन तासांनी दूध द्यावं लागत नाही आणि ती रडायला लागली तर कडेवर घेऊन बाल्कनीत कावळा दाखवावा लागत नाही.

खरी गोम या साडेबारा तासांत आहे. विचुंब्यात घर का घेतलं? चेंबूरला परवडलं नाही म्हणून. पनवेल परिसरातल्या ज्या गावांवर २०१३ साली ‘नैना’ नावाची अधिसूचना आली, त्यांत विचुंबेही आहे. हे नाव विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचं. प्रभाव इतका जोरदार निघाला की विमानं उडायला २०२५ चा डिसेंबर उजाडला, भाव मात्र बारा वर्षं आधीच धावपट्टीवर आले होते. तरीही मुंबईच्या मानाने इथला चौरस फूट स्वस्तच, आणि जाहिरातीत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असतंच. ती दहा मिनिटं कोणत्या वाहनाने आणि कोणत्या ऋतूत, हे बिल्डर सांगत नाही. तर चौरस फुटामागे जे वाचतं त्यातला एक वाटा पुढे मांडीच्या तासांतून परत द्यावा लागतो. चेंबूरच्या बाळाला दहा तासांची मांडी पुरते, विचुंब्याच्या बाळाला साडेबारा तासांची लागते. पाळणाघराची छापील फी मात्र आठ किंवा नऊ तासांची असते. संध्याकाळी सातनंतर अर्ध्या तासामागे जादा आकार, आणि त्याहून महाग पडणारा मावशींचा चेहरा. हार्बर लाइनवर गाडी मध्येच दहा मिनिटं थांबली की डब्यातल्या ज्या बायका एकदम घड्याळाकडे बघतात त्या सगळ्या पाळणाघरवाल्या, हे ओळखायला ज्योतिष नको.

कायद्याने या सगळ्याचा विचार केलेला नाही असं म्हणता येणार नाही. केलाय, पण विचुंब्याला राहून केलेला दिसत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं, आणि पुष्कळ पाळणाघरं सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नाहीत, काही तर चालायला लागल्याशिवाय घेत नाहीत. मधले महिने बाळाने कुठे काढायचे हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. त्याच दुरुस्तीत असंही आहे की पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाऊ द्यावं. ही पन्नास डोकी मोजताना बापांचीही धरतात. भेटायला सोडताना मात्र बाप धरत नाहीत. आता या चार भेटींचं वेळापत्रक करून बघू. पाळणाघर फोर्टच्या ऑफिसात असेल तर सकाळच्या पनवेल लोकलमध्ये सात महिन्यांचं मूल घेऊन चढावं लागेल. ज्या डब्यात वडापावसुद्धा चपटा होतो तिथे हा प्रयोग कुणी सुचवणार नाही. पाळणाघर विचुंब्यात असेल तर एका भेटीला जाऊन-येऊन साडेतीन तास, चार भेटींना चौदा. कायद्याचा हक्क पुरेपूर बजावणारी आई ऑफिसात पोचूच शकत नाही. तिची सगळी नोकरी वाशी आणि मानखुर्दच्या दरम्यान होते.

या ठिकाणी कुणीतरी हिरकणीचं नाव काढतंच, आणि रायगड जिल्ह्यात राहून ते काढू नका असं सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. गडावर दूध घालायला गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं मूल, आणि अंधारात उतरलेला कडा. ही कथा आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो. ती मायेची आहेच, शिवाय ती बंद व्हायच्या वेळेचीही आहे. तिची अडचण आजच्या सातच्या ठोक्याला धावणाऱ्या बाईची होती, फरक इतकाच की इथे बंद होणारं दार बाळाच्या बाजूचं असतं. कथेप्रमाणे महाराजांनी तिचा गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. किल्ल्याच्या सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं; जिथून दूधवाली उतरते तिथून शत्रूही चढू शकतो. पण कचेऱ्या काही किल्ले नव्हेत, त्यांनी यातला अर्धाच भाग उचललेला दिसतो. आठ मार्चला ‘सुपरमॉम’चं प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल, आणि नऊ मार्चपासून साडेपाचच्या मीटिंगा. एसटीच्या स्थानकांवर निदान हिरकणी कक्ष तरी आहेत. पंधरा मजल्यांच्या काचेच्या इमारतीत आईला दूध काढायला जागा हवी असली तर पुष्कळदा ती प्रिंटरची खोली निघते.

मग ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप येतो : आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? मुलं वाढलीच की. वाढली, कबूल. पण कुणाच्या मांडीवर? चाळीत आणि वाड्यात मांड्यांचा सुकाळ होता. काकू, आत्या, शेजारच्या विधवा आजी, आणि या सगळ्यांच्या आधी घरातली थोरली मुलगी. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ, हे चित्र इतकं ओळखीचं होतं की त्यात काही खर्च होतोय असं कुणाला वाटलंच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ते दिसलं. बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवताना त्यांच्या लक्षात आलं की मुली शाळेत येत नाहीत कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर आहेत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली : धाकट्याला पाळण्यात ठेव, मधल्याला बालवाडीत बसव आणि तू वर्गात ये. याला विकासवाडी म्हणत. मांडीचा हिशेब महाराष्ट्रात इतक्या सरळपणे क्वचितच कुणी मांडला असेल. ‘आमच्या वेळी फुकट होतं’ म्हणणाऱ्यांनी त्या थोरल्या बहिणीची इयत्ता विचारावी. भाव होता, फक्त तो भरणारं माणूस आठ वर्षांचं होतं.

थोरली बहीण गेली आणि तिच्या जागी आजी आली. पाळणाघरवाल्या घरात आजी ‘तशी अधूनमधून’ असते आणि बाईवाल्या घरात ‘बाईवर लक्ष ठेवायला’ असते. कोणत्याही कागदावर तिचा रकाना नाही, पण ती वजा केली तर दोन्ही बाजू कोसळतात. पाळणाघराचा नियम आहे की ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तर मूल पाठवू नये, आणि पाळणाघरात नव्याने जाऊ लागलेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत या तिन्हींपैकी काहीतरी सतत असतंच. मग साताऱ्याच्या गाडीने आजी येते. आजी म्हणजे ओळखीच्या माणसाच्या स्कूटरवर मिळालेली लिफ्ट : भाडं पडत नाही, पण रस्ता कुठून घ्यायचा हे आपण सांगायचं नसतं. तिने बाळाला काजळ लावलं, टाळू भरली, घुटी पाजली, मोबाईलवर भजन लावून भरवलं, तरी सुनेने हसायचं असतं. आणि आजीचे गुडघे? पासष्टाव्या वर्षी दहा किलोचं बाळ दिवसातून तीस वेळा उचलल्यावर गुडघ्याच्या डॉक्टरचं बिल येतं तेव्हा ते ‘वैद्यकीय’ या सदरात जातं. ते पाळणाघराच्या सदरात टाकलं तर डावी-उजवी दोन्ही बेरजा बदलतील.

सगळ्यांत वजनदार आक्षेप असा : आईचा पगार पस्तीस हजार, बाईचे अठरा, ट्रेन-रिक्षा-डबा पाच, मग हातात उरतं काय? त्यापेक्षा तिने घरीच राहावं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण वजाबाकी बरोबर आहे. पण ती आईच्याच पगारातून का केली? मूल दोघांचं, घर दोघांचं, कर्ज दोघांच्या सहीचं. बाईचा पगार मात्र फक्त आईच्या कमाईला लावायचा. बापाच्या पगारातून हेच अठरा हजार वजा करून ‘मग तू कशाला जातोस?’ असं विचारणारा काका अजून कुठल्या बारशाला आढळलेला नाही. शिवाय तीन वर्षं घरी राहिल्याचा खर्च छत्तीस महिन्यांच्या पगाराइतकाच नसतो. तीन वाढी हुकतात, प्रॉव्हिडंट फंड थांबतो, आणि परत नोकरी मागायला गेल्यावर समोरचा पंचविशीतला मुलगा विचारतो, ‘‘मधला गॅप कशामुळे?’’ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास तपासल्याबद्दल. त्यांनी दाखवलं की आज स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतली दरी मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते. विचुंब्यातल्या कोणत्याही सुनेने हे त्यांना स्टेशनवर उभ्याउभ्या सांगितलं असतं, पण तिच्याकडे दोनशे वर्षांचे कागद नव्हते.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. २०१६ साली इथून जवळच, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि सगळा पनवेल परिसर हादरला. त्यात हसण्यासारखं काहीच नाही. तेव्हापासून कॅमेरा ही पाळणाघराची पहिली अट झाली, आणि ती असलीच पाहिजे. पण कॅमेरा मांडी वाढवत नाही, असलेली मांडी दाखवतो. एका बाईपुढे पाच रडणारी बाळं असतील तर कॅमेरा ते अतिशय स्पष्ट दाखवतो. बापाने ऑफिसात बसून ॲपवर ते बघितलं की संगोपनातला आपला वाटा उचलल्याचं समाधान त्याला मिळतं. मग तो आईला मेसेज करतो, ‘रडतोय, बघ ना जरा.’ आई त्या वेळी वाशीच्या खाडीपुलावर असते.

राहिली बाई. बाईच्या खाड्यांवर मराठी विनोदाने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आहे : तिचा मामा दर महिन्याला कसा वारतो, गावची जत्रा वर्षातून तीनदा कशी येते. आईच्या ऑफिसात रजेचे तीन प्रकार असतात, कॅज्युअल, सिक आणि प्रिव्हिलेज. बाईकडे एकच, खाडा, आणि तो बिनपगारी. ज्याला तापाची रजा नाही त्याला मामा मारावा लागतो. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर रजेचीही मागणी होती. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला, तरी सोसायटीच्या लिफ्टमध्ये अजून विषय ‘आमची आज आली नाही’ हाच आहे. आणि ती का आली नाही? पुष्कळदा तिच्या मुलाला ताप असतो म्हणून. तिलाही मूल आहे, ही गोष्ट हिशेबाच्या कागदावर कधीच येत नाही. आपल्या बाळाला ती साडेबारा तास मांडीवर घेते तेव्हा तिचं बाळ कुणाच्या मांडीवर असतं? अठरा हजारांतून नऊ हजार पाळणाघराला देणं तिला शक्य नाही. लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळत असले तर त्यात पाच दिवसांची फी निघेल. अंगणवाडी आहे, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला अंगणवाडी घरी न्यायचं आहाराचं पाकीट देते, मांडी देत नाही. तीनच्या पुढच्यांना बसवते तेही काही तासच. ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं म्हणते. ती आपल्या वाडीत कधी येणार हे बाईला विचारा, ती हसते. तोवर तिची सासू, जाऊ किंवा तीच ती थोरली मुलगी. म्हणजे कोसबाडला जिला वर्गात बसवलं ती मुलगी आपल्या उजव्या रकान्याच्या तळाशी पुन्हा उभी असते.

यावर कुणी म्हणेल, मग करायचं काय, सगळेच रकाने पोखरलेले आहेत. तसं नाही; मांडी हे माप धरलं की निर्णय बराच सोपा होतो. बसता येईपर्यंत आणि रांगता येईपर्यंत बाळाला जवळजवळ पूर्ण मांडी लागते. शंभूराजांसाठी कापूरहोळच्या धाराऊंना दूधआई म्हणून आणलं तेव्हा तान्ह्या बाळाला काय लागतं याचा निवाडा झालेलाच आहे. तेव्हा पहिलं वर्ष बाई बरी. दीड वर्षानंतर मुलाला मांडीपेक्षा दुसरं मूल जास्त आवडू लागतं, चावायला का होईना, आणि तिथून पुढे भागाकार नीट असलेलं पाळणाघर बाईपेक्षा चांगलं. मधल्या काळासाठी एकाच मजल्यावरच्या दोन घरांनी एक बाई ठेवावी : प्रत्येकाने अकरा हजार द्यावेत, बाईला बावीस मिळावेत, एका मांडीवर दोन मुलं. हिशेबाने हे सगळ्यांत उत्तम आहे. अडचण हिशेबाबाहेरची. कुणाच्या घरी सांभाळायचं, एसीचं बिल कुणी भरायचं, त्यांच्याकडे गोड लवकर सुरू केलंय, आमच्या बाळाला आधी भरवलं की त्यांच्या; चार आईबाप, तीन आज्या आणि एक बाई यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो आणि आठवड्यात बाई ग्रुप सोडते. तरी माझं मत या पर्यायाकडेच झुकतं, एका दुरुस्तीसह : बाईने आपलं मूलही सोबत आणावं. तिसरं मूल आल्याने मांडी थोडी आखडते, पण खाडे निम्म्याने उतरतात, कारण ज्या तापासाठी ती घरी राहते तो ताप आता आपल्याच हॉलमध्ये पॅरासिटामॉल घेऊन झोपलेला असतो. तो ताप आपल्या दोन्ही बाळांनाही लागणार, हा आक्षेप मला मान्य आहे. पाळणाघरात तो दहा जणांकडून लागतो.

त्याहून स्वस्त आणि त्याहून अवघड उपाय प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर कुलूप लावून ठेवलेला आहे. सोसायटीचं ऑफिस. वर्षातून दोनदा उघडतं, सत्यनारायणाला आणि सर्वसाधारण सभेला. एरवी आत गणपतीचं मखर, जुने ट्यूबलाइट आणि १९ प्लॅस्टिकच्या खुर्च्या राहतात, ज्यांना कुणाच्या मांडीची गरज नाही. भाडं शून्य, जिना नाही, आई-बाप-आजी सगळे लिफ्टच्या अंतरावर. वरच्या बासष्ट हजारांतून बारा हजारांचं भाडं गेलं की त्याच नऊ हजारांत सातऐवजी सहा मुलांवर भागतं आणि चार हजार शिल्लक राहतात, ते मावश्यांना वाढवता येतात. याला विरोध कोणत्या शब्दांत होईल तेही माहीत आहे : आवाज होईल, बाहेरच्या बायकांची ये-जा वाढेल, ऑडिटर विचारेल, आणि आज पाळणाघर आणलंत तर उद्या कुणी ब्यूटी पार्लर आणेल. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर कमिटीतल्या बायका गप्प बसतील, कारण कल्पना त्यांना वाईट वाटत नाही. विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात जाईल. सभेची सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लागेल, रविवारी सकाळी साडेदहा वाजता, आणि तिच्या तळाशी नेहमीप्रमाणे लिहिलेलं असेल की सभासदांनी येताना लहान मुलांना सोबत आणू नये.